शिवेचा दगड

"मामाजी, दोनशेपैकी दोनशे चौदा कसे भेटतात जी?"

आंधळगावात बहिणीच्या ओसरीवर चहाचा कप खाली ठेवायच्या आत भाच्यानं विचारलं. 2024 चा फेब्रुवारी होता. तलाठी भरतीचे गुण महिनाभरापूर्वी लागले होते आणि 200 गुणांच्या परीक्षेत कुणाला तरी 214 मिळाल्याची बातमी राज्यभर चघळून झाली होती. मी आयुष्यभर गणित शिकवलं, म्हणून असले प्रश्न माझ्याकडे येतात. पण पोराचं खरं दुखणं 214 नव्हतं. त्याचा एक मित्र शेजारी बसला होता. दोघं एकाच अभ्यासिकेत बसणारे, नोट्सही एकच. भाच्याचे 71 प्रश्न बरोबर, म्हणजे 142 गुण. नॉर्मलायझेशननंतर झाले 157. मित्राचे 75 बरोबर, 150 गुण. त्याचे झाले 154. आठ गुणांनी पुढे असलेला मित्र तीन गुणांनी मागे पडला. तो फार बोलत नव्हता. एवढंच म्हणाला, "माझा पेपर सोपा होता म्हणतात. कोण म्हणते ते सांगा फक्त."

गल्लीत पलीकडे कोशाच्या साडीचा माग चालू होता. मोहाडी तालुक्यातलं हे गाव कोशाच्या विणकामासाठी ओळखलं जातं. माग थांबवून विणकरबुवा गप्पा ऐकायला आले. 57 सत्रं, 57 पेपर आणि शेवटी एकच यादी, हे ऐकल्यावर ते म्हणाले, "म्हंजे सूत येगयेगळं देल्लं अन् कापड एकाच गजानं मोजलं." कोशाचं हाती काढलेलं सूत कुठं जाड, कुठं बारीक, एखाद्या लडीत धागा सारखा तुटतो. दिवसाकाठी किती विणलं हे विचारताना सूत कसं होतं हेही त्यांच्यात विचारावं लागतं. सांख्यिकीत शंभर वर्षं ज्यावर डोकेफोड चालली आहे, तो प्रश्न बुवांनी उभ्याउभ्या मांडला. एक दुरुस्ती मात्र हवी. सरकारनं एकाच गजानं मोजलं नाही. सरकारनं प्रत्येक सुताला वेगळा गज केला, आणि तो गज कापडावरूनच बेतला.

2023 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये झालेल्या त्या परीक्षेला अर्ज आले दहा लाखांच्या वर, प्रत्यक्ष बसले साडेआठ लाखांहून अधिक, जागा साडेचार हजारांच्या आसपास. संगणकावर एका वेळी एवढी माणसं बसवता येत नाहीत, म्हणून 57 सत्रं. प्रत्येक सत्राला 100 नवे प्रश्न: मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान, आणि गणित-बुद्धिमापन, प्रत्येकी 25. सगळ्या पेपरांची काठिण्यपातळी सारखी ठेवणं कुणाही प्रश्नकर्त्याला शक्य नाही. मी तीस वर्षं सहामाहीचे पेपर काढले. सोपा म्हणून काढलेल्या पेपरात वर्ग आडवा झालेला अनेकदा पाहिला. म्हणून गुण सारखे करून घ्यावे लागतात. इथवर सरकारचं काही चुकत नाही.

सारखे कसे करतात, ते 214 वरून उलगडतं. कर्मचारी निवड आयोगानं 2019 मध्ये असं एक सूत्र जाहीर केलं होतं. या घराण्यातली सूत्रं देशभर भरतीत वापरली गेली. त्यात प्रत्येक सत्रातून दोन खुणा घेतात. खालची खूण म्हणजे सत्राची सरासरी अधिक प्रमाण विचलन. वरची खूण म्हणजे सत्रातल्या पहिल्या 0.1 टक्के उमेदवारांची सरासरी. या दोन खुणांमधलं अंतर ताणून किंवा आखडून सगळ्या सत्रांच्या एकत्रित अंतराएवढं करायचं आणि सगळ्यात वरचढ सत्राच्या खालच्या खुणेवर नेऊन टेकवायचं. समजा, एका अवघड सत्रात खालची खूण 110 आणि वरची 160, म्हणजे अंतर 50. सगळ्यांची मिळून खालची 125, वरची 185, म्हणजे अंतर 60. सगळ्यात वरचढ सत्राची खालची खूण 140. आता अवघड सत्रात 170 मिळवलेल्या मुलीचं काय होईल? ती खालच्या खुणेपासून 60 वर आहे. ते 60 भागिले 50 या पटीनं ताणले की 72. त्यात 140 मिळवले की 212. आकडे मी बसवलेले आहेत, पण सरळ रेषेत ताणणारं सूत्र 200 ची भिंत ओळखत नाही हे त्यात दिसतं. 214 मध्ये घोटाळा आहे असं ठरवून मोकळे झालेले लोक आणि "सूत्र शास्त्रीय आहे" म्हणून मोकळे झालेले अधिकारी, दोघांनीही त्या पोराला काही समजावलं नाही.

सूत्राची खरी दुखरी जागा वेगळी आहे. साडेआठ लाख भागिले 57, म्हणजे एका सत्रात साधारण 15,000 माणसं. उमेदवार सत्रांत चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटले गेले असतील, तर एवढ्या गर्दीची सरासरी अगदी भरवशाची. गुणांचा पसारा तीसेक धरला तरी ती नशिबानं पाव-अर्धा गुणच इकडेतिकडे होईल. पण 15,000 चे 0.1 टक्के म्हणजे माणसं किती? पंधरा. वरची खूण पंधरा जणांच्या खांद्यावर उभी आहे. त्यातल्या पाच जणांनी कानात यंत्र घालून 190 मिळवले असं समजा. तलाठीच्या या परीक्षेत पहिल्याच दिवशी नाशकात कॉपीचं प्रकरण पकडलं गेलं होतं, तेव्हा हे समजणं फार लांबचं नाही. उरलेल्या दहांची सरासरी 160 असेल तर पंधरांची 170 होते. वरच्या उदाहरणातलं अंतर 50 चं 60 होतं आणि ताणायची पट 1.2 वरून 1 वर येते. त्याच सत्रात प्रामाणिकपणे 150 मिळवणाऱ्याचे 188 व्हायचे ते 180 होतात. चोरानं स्वतःचे गुण वाढवलेच, शिवाय ज्यांची तोंडंही त्यानं पाहिली नाहीत अशा हजारोंचे कापले. गुणवत्ता यादीत आठ गुणांत किती माणसं बसतात, ते कुठल्याही अभ्यासिकेत विचारा.

2025 मध्ये कर्मचारी निवड आयोगानं हे सूत्र सोडून पर्सेंटाइलवर आधारलेली पद्धत घेतली. आपल्या एमएचटी-सीईटीला 2019 पासून पर्सेंटाइलच आहे. तुमच्या सत्रात तुमच्या खाली किती टक्के लोक, एवढंच ते सांगतं. पंधरा जणांची दादागिरी त्यात बरीच कमी होते. पण पायाचं गृहीतक तेच राहतं: या सत्रातली माणसं आणि त्या सत्रातली माणसं सरासरीनं सारखी. गुण वेगळे पडले तर दोष पेपरचा, माणसांचा कधीच नाही. गर्दी मोठी आणि वाटप खरोखर आंधळं असेल तोवर हे चालून जातं. पण पोरांचा राग गृहीतकावर नसतोच. त्यांना वाटतं की कुणीतरी प्रश्न पाहिले, तोलले आणि हा पेपर सोपा असं ठरवलं. तसं कुणीच केलेलं नसतं. पेपर सोपा होता याचा पुरावा एकच, त्या दिवशी बऱ्याच जणांना बरे गुण पडले. मित्राचा प्रश्न "कोण म्हणते?" असा होता. उत्तर आहे: त्याच्यासोबत बसलेले 15,000 लोक म्हणतात, आणि आपण काही म्हणतोय हे त्यांना ठाऊकच नाही.

नीटच्या बाबतीत हे दरवर्षी डोळ्यांपुढे घडतं. 2024 मध्ये खुल्या गटाची पात्रता 162 गुणांवर थांबली, 2025 मध्ये 144 वर. अट दोन्ही वर्षी तीच होती, पन्नासावं पर्सेंटाइल. मुलं वर्षभरात अठरा गुणांनी मंद झाली असं कुणी म्हणालं नाही. फिजिक्स अवघड होतं असंच सगळे म्हणाले. म्हणजे गुण हा एकट्या मुलाचा नसतो आणि एकट्या पेपरचाही नसतो, तो त्या दोघांच्या गाठीचा असतो, हे आपल्याला तोंडपाठ आहे. यादी लावताना मात्र विसरतो.

ही गाठ सोडवायचा सगळ्यात नेटका उपाय एका डॅनिश गणितज्ञाला सुचला. गेऑर्ग राश त्याचं नाव. 1950 च्या दशकात त्याच्यापुढे वाचनात मागे पडलेली मुलं होती. त्यांना जादा शिकवणी दिली जात होती; पण लहानपणी एक उतारा, मोठेपणी दुसरा, मग मूल सुधारलं की उतारा सोपा होता हे कळणार कसं? 1960 मध्ये त्याचं पुस्तक आलं. त्याचं म्हणणं असं की उत्तर बरोबर येण्याची शक्यता फक्त एका फरकावर ठरते, मुलाची क्षमता उणे प्रश्नाची काठिण्यपातळी. दोन्ही एकाच पट्टीवर. फरक शून्य असेल तर अर्धी शक्यता. मूल प्रश्नापेक्षा एक घर वर असेल तर 73 टक्के, दोन घरं वर असेल तर 88, एक घर खाली असेल तर 27.

यातली गंमत वर्गात करून पाहण्यासारखी आहे, मी केलेली आहे. फळ्यावर दोन उदाहरणं द्या: एक साधी हातच्याची वजाबाकी, दुसरं तेच शाब्दिक. दोन्ही बरोबर आलेली मुलं बाजूला काढा, दोन्ही चुकलेलीही काढा. या दोन गटांकडून कुठलं उदाहरण अवघड हे कळत नाही. ज्यांचं नेमकं एकच बरोबर आलं ती मुलं मोजा. समजा 12 जणांची वजाबाकी बरोबर आणि शाब्दिक चूक, 4 जणांचं उलट. तीनास एक. आता हुशार तुकडीत जा. तिथं अशी मुलं कमी सापडतील, 6 आणि 2 म्हणा, पण प्रमाण तीनास एकच्या जवळपास राहील. वर्ग बदलला, मुलं बदलली, दोन प्रश्नांमधलं अंतर तेच. माणसांच्या गर्दीवर न टेकता प्रश्नाचं वजन निघालं. दरवेळी इतकं नेटकं जमत नाही, आणि जमलं नाही तर त्या प्रश्नात काहीतरी वाकडं आहे हेही त्यातूनच कळतं.

एक अट आहे. दोन प्रश्न एकाच मुलाच्या हातात पडायला हवेत. पहिल्या सत्राचा आणि चाळिसाव्या सत्राचा प्रश्न कुणीच एकत्र सोडवला नसेल, तर त्यांच्यातलं अंतर कुठल्याही सूत्रानं निघत नाही. म्हणून जगात जिथं हे नीट चालतं तिथं प्रत्येक पेपरात काही सामाईक प्रश्न पेरलेले असतात. मोजणीला जसा शिवेचा दगड.

आणि इथं मला हसू येतं, ते आवरत नाही. तलाठी भरतीची परीक्षा घेतली कुणी? पुण्याच्या जमाबंदी आयुक्त आणि संचालक भूमी अभिलेख यांच्या कार्यालयानं. दोन गावांची मोजणी जुळवायची तर दोन्हींकडून दिसणारा एक पक्का दगड लागतो, हे ज्या खात्याच्या हाडामासात आहे, त्याच खात्यानं 57 मोजण्या केल्या आणि सामाईक दगड एकही ठेवला नाही. मोजणीदारानं शेतात असं केलं असतं तर दोन्हीकडचे शेतकरी काठ्या घेऊन बांधावर आले असते.

विद्या आपल्याकडे नाही असंही नाही. एनसीईआरटीच्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणात पाचवीच्या तिसऱ्या फेरीपासून याच जातीचं गणित आलं. तिथं 250 सरासरीची पट्टी करून वेगवेगळ्या प्रश्नपुस्तिका सामाईक प्रश्नांनी जोडल्या गेल्या. प्रथमचं असर सर्वेक्षण तर 2005 पासून गावोगावी घरात जाऊन मुलासमोर एक कागद धरतं: अक्षर, शब्द, पहिलीचा परिच्छेद, दुसरीची गोष्ट. सूत्र नाही, संगणक नाही, पण शिडीच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत आणि सगळ्यांना दिसतात. म्हणून पाचवीतली निम्म्याच्या आसपास मुलंच दुसरीचा मजकूर वाचू शकतात, हे वाक्य ऐकून पालकालाही कळतं. ज्या मोजमापावर एकाही मुलाची नोकरी अवलंबून नाही तिथं दगड पक्के. ज्यावर साडेआठ लाखांची अवलंबून होती तिथं नाहीत.

याला एक उत्तर आहे आणि ते वजनदार आहे. सामाईक प्रश्न गुप्त राहावे लागतात. आपल्याकडे सकाळचं सत्र सुटलं की दुपारपर्यंत "मेमरी बेस्ड" प्रश्नांची पीडीएफ मोबाईलवर फिरते. दगडच रात्रीतून सरकवला जातो. आणि 2021 च्या आरोग्य भरतीचा फुटलेला पेपर आठवणाऱ्या उमेदवाराला "काही प्रश्न आम्ही गुप्त ठेवतो, विश्वास ठेवा" असं सांगायचं कुठल्या तोंडानं? उत्तरतालिका जाहीर होणं, तिच्यावर आक्षेप घेता येणं, ही आपल्या पोरांची हक्काची जागा आहे. 2025 च्या 27 एप्रिलला सीईटीच्या गणितात 50 पैकी 21 प्रश्नांचे पर्याय चुकलेले निघाले आणि 5 मे रोजी फेरपरीक्षा घ्यावी लागली. ती चूक बाहेर आली, कारण पोरांनी आरडाओरडा केला. प्रश्न आधी दोन-तीनशे जणांवर चाखून पाहिले असते तर एका संध्याकाळीच कळलं असतं. ज्या प्रश्नात वर्गातले पहिले नापास होतात तो प्रश्न स्वतःच बोंब मारतो.

"एक दिवस, एक पेपर" हा सरळ उपाय उरतो, आणि 2024 च्या नोव्हेंबरात प्रयागराजच्या उमेदवारांनी रस्त्यावर बसून तोच मिळवला. दहावीला आपण पंधरा-सोळा लाख मुलं एकाच वेळी बसवतोच. पण एकच पेपर असला की तो एकदा फुटला तरी पुरे. मला वाटतं, जिथं संगणकावर अनेक सत्रं टळतच नाहीत तिथं प्रत्येक सत्रात आठ-दहा प्रश्न बिनगुणांचे पेरावेत, दर जोडीला वेगळे. पहिलं सत्र दुसऱ्याशी, दुसरं तिसऱ्याशी, असे साखळीनं जोडलेले. एखादा दगड चोरीला गेला तर सगळी मोजणी जात नाही. आणि निकालाच्या दिवशी सगळं उघडं करावं: प्रत्येक सत्राची सरासरी, पसारा, वरच्या पंधरांचे गुण, आणि प्रत्येक प्रश्नाची काठिण्यपातळी.

गणितही साधं राशचंच घ्यावं. त्याच्यापुढची सूत्रं आहेत, त्यांत एखाद्या प्रश्नाला जास्त वजन, एखाद्यात अंदाजपंचे उत्तराची वजावट. ती बारीक मापतात. पण त्यांत एकाच पेपरात सारखेच 71 प्रश्न बरोबर आलेल्या दोघांना वेगळे गुण पडू शकतात. हे आंधळगावच्या चौकात समजावून दाखवा. राशच्या पद्धतीत एकाच पेपराचे 71 ते 71. ज्या निकालाची खातरजमा पोराला पेन घेऊन करता येत नाही, तो शास्त्रीय असला तरी मला सार्वजनिक परीक्षेत नको.

प्रश्नांची वजनं जाहीर झाली की आणखी एक गोष्ट दिसेल, जी आज कुणालाच दिसत नाही. समजा मराठीच्या पेपरात विचारलं, भाताची पावसाळ्यात काय करतात? पर्यायात लावणी आहे. कोकणातल्या मुलाला हा फुकटचा गुण. आमच्या झाडीपट्टीत शेतात धान असतं, भात ताटात असतो, आणि धानाची रोवणी होते. लावणी म्हटलं की ढोलकी ऐकू येते. भंडाऱ्याचं पोर विचार करून उत्तर देईल, पण त्याला अर्धं मिनिट जास्त लागेल. उलट आमच्याकडची तळी, बोडी किंवा मामा तलाव, विचारली तर कोकणातलं पोर बोडीऐवजी कुळाचारातल्या बोडणाचा विचार करत बसेल. एकूण गुण सारखे असलेली दोन भागांतली मुलं घ्यायची आणि एकाच प्रश्नावर त्यांची गाडी कुठं वेगळी होते ते पाहायचं. तपासणी एवढीच आहे. नॉर्मलायझेशन सत्रासत्रांतला फरक काढतं. सत्राच्या आत बसलेला हा फरक त्याच्या नजरेलाही पडत नाही.

यातलं तेव्हा ठाऊक होतं तेवढं मी ओसरीवर सांगितलं. भाचा ऐकत होता, मित्र नव्हता. मध्येच उठून तो घरी गेला आणि आपल्या पेपराची प्रिंट घेऊन आला. उत्तरपत्रिका दोघांकडेही होत्या. त्यानं बरोबर उत्तरांच्या बाजूला कागद चिकटवला आणि भाच्यासमोर टाकला. "तू माझा सोडव. मी तुझा सोडवतो. दोन तास."

दोन तास ओसरीवर कुणी बोललं नाही. पलीकडे धोट्याचा आवाज तेवढा येत होता. तपासायला मला बसवलं. भाच्याला स्वतःच्या पेपरात 71 आले होते, मित्राच्या पेपरात 76 आले. मित्राला स्वतःच्यात 75 होते, भाच्याच्या पेपरात 70. दोघांच्याही हिशेबानं मित्राचा पेपर पाच प्रश्नांनी, म्हणजे दहा गुणांनी सोपा. सूत्रानं भाच्याला 15 वाढवले होते, मित्राला 4. फरक अकराचा.

मित्रानं दोन्ही कागद पुन्हा मोजले. मग म्हणाला, "मंग हे त्यायनंच करून दाखवाले काय जात होतं?"

मी म्हटलं, दोन माणसांवरून काही ठरत नाही, शिवाय मध्ये पाच-सहा महिने गेलेत, आज घड्याळाची भीतीही नव्हती. त्याला ते पटलं असावं. त्यानं मोबाईल काढला आणि अभ्यासिकेत फोन लावला. वेगळ्या सत्रांना बसलेले आणखी पाच जण गावात होते. बहिणीनं आतून विचारलं, चहा किती जणांचा ठेवू.